तापमापक कोणाचे तापमान सांगतो?

आमच्या एका शिक्षक मित्रांच्या वर्गात झोत विमानाच्या एंजिनाविषयी बोलणे चालले होते. आधुनिक एंजिनात टरबाइनवर येऊन आदळणाऱ्या वायूचे तापमान १५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते, असे त्यांनी सांगितले. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, एवढ्या तापमानाला लोखंडसुद्धा मऊ पडेल. मग ते मोजायला आत घातलेला तापमापक कसा टिकतो?" मित्रांनी "विचारून सांगतो" असे प्रामाणिक उत्तर दिले आणि तो प्रश्न आमच्याकडे आला.

झोत एंजिनांच्या चाचणीत मोजमापाच्या बाजूने आम्ही काही वर्षे काम केले आहे. त्यामुळे उत्तर एका वाक्यात देता आले असते: अगदी तप्त जागी बहुतेक वेळा तापमापक घालतच नाहीत. पण एवढ्यावर त्या मुलीचे समाधान झाले नसते, आणि होऊही नये. कारण तिच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. तापमापक टिकला, तरी तो जे सांगतो ते नेमके कोणाचे तापमान असते?

एंजिनाची रचना थोडक्यात आठवू. पुढून हवा आत ओढली जाते. संपीडकाची फिरती पाती ती दाबत नेतात. ज्वलनकक्षात तिच्यात केरोसीनच्या जातीचे इंधन फवारून जाळले जाते. तापलेला वायू टरबाइनची पाती फिरवतो आणि टरबाइन त्याच दांड्यावर बसवलेला संपीडक फिरवते. उरलेल्या ऊर्जेनिशी वायू मागच्या तोटीतून वेगाने बाहेर पडतो व एंजिनाला पुढे रेटा मिळतो. नव्या एंजिनाच्या चाचणीत या सगळ्या वाटेवर शेकडो ठिकाणी दाब, तापमान, कंपन आणि धातूवरचा ताण मोजतात. इतक्या संवेदकांचे काम काय, असे कोणी विचारले तर आम्ही १२ एप्रिल १९३७ या दिवसाची गोष्ट सांगतो. त्या दिवशी इंग्लंडमध्ये रग्बी येथे फ्रँक व्हिटल यांनी आपले झोत एंजिन प्रथमच चालवले. ते सुरू झाले, आणि इंधनाची झडप बंद केल्यावरही त्याची गती वाढतच राहिली. भोवतालची मंडळी पळाली. व्हिटल मात्र झडपेपाशीच उभे राहिले. आधी गळलेले इंधन ज्वलनकक्षाच्या तळाशी साचले होते व तेच जळत होते, हे नंतर उमगले. झडप किती उघडी आहे हे दिसत होते, पण आत किती इंधन आहे हे सांगणारे काहीही नव्हते.

आज अशी चाचणी काँक्रीटच्या जाड भिंतींच्या खोलीत होते. चालक शेजारच्या नियंत्रण कक्षात बसतात. एंजिन एका चौकटीवर पक्के बांधलेले असते आणि ती चौकट पोलादाच्या पातळ, लवचिक पट्ट्यांवर तोललेली असते. त्यामुळे एंजिन रेटा देऊ लागले की चौकट पुढे सरकू पाहते. तिला अडवून धरतो पोलादाचा एक छोटा ठोकळा. रेट्याने तो किंचित, डोळ्यांना न दिसेल इतका, दबतो. त्यावर चिकटवलेले असतात स्ट्रेन गेज, म्हणजे विकृतिमापक: नागमोडी वळवलेली अतिशय पातळ धातूची तार किंवा पत्रा. अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी १९३८ मध्ये एकमेकांशी संबंध नसताना ही युक्ती शोधली. तार ताणली की लांब व बारीक होते आणि तिचा रोध वाढतो. दाबली की कमी होतो. हा बदल किती? दहा सेंटिमीटरचा ठोकळा एक दशांश मिलिमीटरने दबला, तर ३५० ओहमच्या गेजचा रोध जेमतेम ०·७ ओहमने बदलतो. साध्या रोधमापकाने हे पकडणे अवघड, म्हणून चार गेज व्हीटस्टन सेतूच्या चार भुजांत बसवतात. प्रयोगशाळेतला मीटर सेतू हा याच घराण्यातला. चार गेजांचा आणखी एक फायदा असा, की खोली तापली तर चारही गेजांचे रोध सारखेच वाढतात आणि सेतूचा तोल ढळत नाही.

येवढे झाले म्हणजे रेटा मोजला, असे नव्हे. एंजिनाला इंधनाच्या नळ्या आणि तारांचे जाडजूड जुडगे जोडलेले असते. ते एखाद्या स्प्रिंगसारखे चौकटीला ओढून धरते, म्हणून मापकाचे अंशांकन सगळ्या नळ्या जोडून करावे लागते. शिवाय बंद खोलीत एंजिनाकडे धावणारी हवा मोकळ्या मैदानातल्यासारखी चहूबाजूंनी येत नाही. त्यामुळे त्याच एंजिनाचा रेटा खोलीत काही टक्के कमी भरतो. मोकळ्या जागेतल्या चाचणीशी तुलना करून या फरकाची दुरुस्ती आधी ठरवून ठेवतात. ही दुरुस्ती विसरली तर चांगले एंजिन नापास होईल, किंवा त्याहून वाईट म्हणजे वाईट एंजिन पास होईल.

आता तापमानाकडे वळू. येथले मुख्य साधन म्हणजे थर्मोकपल, मराठीत तपयुग्म. दोन वेगळ्या धातूंच्या तारांची टोके जोडून एक सांधा तापवला आणि दुसरा थंड ठेवला तर मंडलात विद्युत् प्रवाह वाहतो, हे सेबेक यांनी १८२१ मध्ये पाहिले. एंजिनांत बहुधा क्रोमेल आणि ॲल्युमेल या निकेलच्या दोन मिश्रधातूंची जोडी वापरतात. दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट, म्हणजे १००० अंशांना सुमारे ४१ मिलिव्होल्ट इतके विभवांतर त्यातून मिळते. बाराशे अंशांपर्यंत ती काम देते. त्यापुढे प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांच्या महागड्या तारा लागतात.

पुष्कळ पुस्तकांत हे विभवांतर सांध्यात निर्माण होते असे लिहिलेले असते. ते खरे नाही. तारेचे एक टोक गरम व दुसरे थार असेल, तर विभवांतर तारेच्या लांबीवर, तापमान जिथे जिथे बदलते तिथे तिथे निर्माण होते. सांधा फक्त दोन तारांना एकत्र आणतो. हा फरक शब्दच्छलासारखा वाटेल, पण तो आम्हाला एकदा चांगलाच महागात पडला. ती हकिकत पुढे येईलच. त्याआधी शाळेत करता येण्याजोगा प्रयोग सांगतो.

रोधाच्या प्रयोगांसाठी शाळेत युरेका तार असते. तिलाच कॉन्स्टंटन म्हणतात. तिचा हातभर तुकडा घ्या. दोन्ही टोके काचकागदाने घासून त्यांना विजेच्या साध्या तांब्याच्या तारा घट्ट पिळून जोडा. तांब्याच्या तारांची मोकळी टोके अंकीय मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्ट पल्ल्याला लावा. एक सांधा बर्फाच्या पाण्यात आणि दुसरा उकळत्या पाण्यात बुडवला की आकडा चार मिलिव्होल्टच्या आसपास जाईल. आता गंमत पाहा. सांधे तसेच ठेवून युरेका तारेच्या मध्यावर मेणबत्ती धरा. तार लाल झाली तरी आकडा जवळजवळ हलत नाही, कारण मधल्या ज्योतीच्या एका बाजूला जेवढे विभवांतर वाढते तेवढेच दुसऱ्या बाजूला कमी होते. वर्गातल्या हुशार मुलांनाही हे प्रथम पटत नाही.

आमची हकिकत एका छोट्या टरबाइन एंजिनाच्या चाचणीची आहे. बाहेर पडणाऱ्या वायूत चार तपयुग्मे बसवली होती. त्यांच्या तारा एंजिनाच्या चौकटीवरच्या एका पेटीत एकत्र येत. तिथून नियंत्रण कक्षापर्यंत त्याच मिश्रधातूंची लांब जोडतार नेली होती. कक्षातले यंत्र आपल्या टोकाचे तापमान स्वतः मोजते आणि ते हिशेबात मिळवते. ही जोडतार नुकतीच बदललेली होती. सकाळी, एंजिन थंड असताना, सगळे तपासले. यंत्राने बरोबर खोलीचे तापमान दाखवले. एक तपयुग्म काढून गरम पाण्यात बुडवले, तेही बरोबर आले. वहीत सही झाली.

वायूच्या तापमानाची आमची मर्यादा ७०० अंश होती. चाचणीत यंत्र ६४० दाखवत होते आणि एंजिन तापत जाईल तसा आकडा हळूहळू आणखी खाली येत होता. एंजिन छान स्थिरावते आहे, असा अर्थ आम्ही काढला. एकाने तर आणखी थोडे इंधन वाढवू या असे सुचवले, आणि आम्ही ते मान्यही केले. असे दहा तास चालले. संध्याकाळी एंजिन बंद केल्यावर तंत्रज्ञ बाहेर गेला आणि परत येऊन म्हणाला, "साहेब, नळकांड्याला हात लावता येत नाही, आणि यंत्र वीस अंश दाखवतंय." कक्षाचे तापमान पंचवीस होते.

चूक अशी होती. जोडतारेतल्या दोन तारांपैकी एक पिवळी आणि एक लाल होती. विजेचे काम केलेला कोणीही लाल म्हणजे धन असे धरतो, आणि तार बसवणाऱ्यानेही तसेच धरले. पण तपयुग्माच्या तारांच्या अमेरिकी रंगसंकेतात लाल म्हणजे ऋण. पेटीत उलटे आणि यंत्रापाशीही उलटे जोडल्यामुळे एकूण खूण बरोबरच राहिली. फक्त पेटी ते यंत्र एवढ्या लांबीत ॲल्युमेलच्या जागी क्रोमेल आणि क्रोमेलच्या जागी ॲल्युमेल आले. पेटी आणि कक्ष सारख्याच तापमानाला असले तर त्या लांबीत विभवांतर निर्माणच होत नाही, म्हणून सकाळची तपासणी निर्दोष ठरली. एंजिन तापले, पेटी तापली, आणि त्या दोन्हींतल्या फरकाच्या दुप्पट इतका आकडा खाली आला. पेटी ६० अंशांवर आणि कक्ष २५ वर, म्हणजे चूक ७० अंशांची. यंत्राच्या ६४० चा अर्थ खरे तर ७१० होता. संध्याकाळी वायू ८० वर उतरला आणि पेटी ५५ वर होती तेव्हा ८० मधून ६० वजा झाले व राहिले २०. वाचकांनी हे गणित फळ्यावर करून पाहावे.

खात्री करायला आमच्या एका वयस्क सहकाऱ्यांनी खिशातून छोटा लोहचुंबक काढला. ॲल्युमेल चुंबकाकडे किंचित ओढली जाते, क्रोमेल जात नाही. यंत्राच्या धन खिळीवरची तार चुंबकाला चिकटली. बोलायचे काही उरले नाही. दहा तासांच्या नोंदी रद्द झाल्या आणि टरबाइन उघडून एकेक पाते तपासावे लागले. तेव्हापासून आमच्या पेटीत एक वेगळा तापमापक असतो आणि तपासणी पेटी गरम करूनच होते.

तारा बरोबर जोडल्या तरी दुसरी अडचण राहतेच. तपयुग्म वायूचे तापमान सांगत नाही, ते सांगते आपल्या स्वतःच्या सांध्याचे. वेधशाळेचा तापमापक उन्हात न ठेवता पांढऱ्या झडपांच्या पेटीत का ठेवतात, हे विद्यार्थ्यांना माहीत असते. उन्हात तो हवेचे नव्हे, उन्हाने तापलेल्या काचेचे तापमान सांगेल. एंजिनात याच्या उलट घडते. तप्त वायूत बसलेल्या सांध्याला भोवतालच्या थंड भिंती 'दिसतात' आणि तो त्यांच्याकडे प्रारणाने उष्णता गमावतो. त्याला धरून ठेवणारी दांडीही थोडी उष्णता बाहेर वाहून नेते. म्हणून आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. ज्योतीच्या अगदी जवळ असेल तर ज्योतच सांध्याला तापवते आणि आकडा जास्त येतो. त्यात वेगाची भर आहे. ३०० मीटर प्रति सेकंद वेगाचा वायू सांध्यावर अडून थांबला की त्याच्या गतिज ऊर्जेची उष्णता होते आणि तापमान सुमारे ४० अंशांनी चढते. पण वायू सांध्यापाशी पुरता थांबत नाही, काही बाजूने निसटतो. मग ४० पैकी किती अंश मिळवायचे? यासाठी सांध्याभोवती छोटी नळी बसवतात. तिच्या तोंडातून वायू आत येतो, जवळजवळ थांबतो आणि मागच्या बारीक छिद्रांतून हळू बाहेर जातो. वेग मारला जातो आणि नळीच्या आडोशामुळे थंड भिंतीही दिसत नाहीत. पांढऱ्या झडपांच्या पेटीचेच हे रूप.

एका ठिकाणी मोजून भागतही नाही. ज्वलनकक्षातून येणारा वायू सगळीकडे सारखा तापलेला नसतो, म्हणून वर्तुळाकार वाटेत अनेक तपयुग्मे बसवून ती समांतर जोडतात व सरासरी घेतात. सोय चांगली आहे. मात्र एकाची तार तुटली तर यंत्र तक्रार न करता उरलेल्यांची सरासरी दाखवत राहते.

आता त्या मुलीचा मूळ प्रश्न. टरबाइनच्या पात्यांचे निकेलचे मिश्रधातू सुमारे १३०० अंशांच्या पुढे वितळू लागतात आणि वायू तर १५०० च्या वर. पाती टिकतात ती त्यांच्या पोटातल्या बारीक वाटांतून संपीडकाची तुलनेने थंड हवा खेळवल्यामुळे. तिथे तपयुग्म ठेवले आणि त्याचा तुकडा मोडून पडला, तर तो पात्यांवरच आदळेल. म्हणून टरबाइनच्या पुढचे तापमान बहुधा मागच्या बाजूला मोजून हिशेबाने काढतात. एखाद्या साध्या, जुन्या पद्धतीच्या एंजिनाचे उदाहरण घेऊ. संपीडकात हवा १५ अंशांवरून ३५० वर गेली, म्हणजे ३३५ अंश चढली. दर किलोग्रॅमला दर अंशाला एक किलोज्यूल धरले तर तिला ३३५ किलोज्यूल मिळाले. ते दिले कोणी? टरबाइनने. जळलेल्या वायूची विशिष्ट उष्णता थोडी जास्त, सुमारे १·१५ असते. म्हणून टरबाइनमध्ये वायू ३३५ भागिले १·१५, सुमारे २९० अंश उतरला असला पाहिजे. मागे ६५० मोजले तर पुढे ९४०. इंधनाचे वस्तुमान आणि दांड्याच्या धारव्यांतले घर्षण येथे सोडले आहे. खऱ्या हिशेबात ते घेतात, पण तत्त्व हेच: ऊर्जेचा जमाखर्च जुळलाच पाहिजे.

पात्यांच्या धातूचे तापमान मात्र वेगळ्या वाटांनी मिळते. एक वाट पायरोमीटरची. तापलेले पाते जो उजेड आणि अवरक्त किरण टाकते ते छोट्या खिडकीतून पकडून त्यावरून तापमान काढतात; फिरणारे प्रत्येक पाते वेगळे पाहता येते. येथेही फसगत आहेच. खिडकीवर काजळी धरली की पाते थंड भासते आणि जळता कार्बनकण समोरून गेला की अकारण तप्त. दुसरी वाट रंगाची. पात्यांना विशिष्ट रंग देऊन एंजिन काही मिनिटे चालवतात आणि मग उघडतात. तापमानानुसार रंग कायमचा बदललेला असतो व पात्यावर नकाशासारखे पट्टे उमटतात. कोणत्या वाटेत हवा पोहोचत नाही, हे त्या पट्ट्यांवरून एका नजरेत कळते. इतक्या महागड्या यंत्रात रंगाच्या डब्याने काम साधते, याचे आम्हाला अजूनही कौतुक वाटते.

फिरत्या पात्यावर काही बसवायचे तर आणखी कठीण. दांडा मिनिटाला १२,००० फेरे करत असेल, तर मध्यापासून ३० सेंटिमीटरवर बसवलेल्या एक ग्रॅमच्या संवेदकाला सुमारे ४८ किलोग्रॅम वजनाएवढे बल बाहेर खेचते. तरीही विकृतिमापक पात्यांवर चिकटवतात आणि त्यांचे संदेश दांड्यावरच्या चिमुकल्या प्रक्षेपकातून बिनतारी बाहेर आणतात. पण चिकटवलेली वस्तू पात्याभोवतीचा प्रवाह थोडा का होईना बदलते. म्हणून अलीकडे पात्यांना हातच न लावता मोजतात. बाहेरच्या आवरणात संवेदक बसवून प्रत्येक पात्याचे टोक केव्हा समोरून गेले याची वेळ नोंदतात. टोकाचा वेग ४०० मीटर प्रति सेकंद असेल आणि कंपनामुळे ते एक मिलिमीटर पुढे झुकले असेल, तर ते अडीच मायक्रोसेकंद लवकर पोहोचते. त्या अडीच मायक्रोसेकंदांवरून पाते किती थरथरते ते कळते. दांड्याची गती मोजण्याची रीत त्या मानाने सोपी. दात असलेले चाक चुंबकीय संवेदकासमोर फिरते आणि दर दाताला एक स्पंद मिळतो. चाकाला पुष्कळदा साठ दात ठेवतात. साठच का, हे विद्यार्थ्यांना विचारावे. दर सेकंदाचे स्पंद म्हणजेच दर मिनिटाचे फेरे, हे उत्तर कोणीतरी देतेच.

जमिनीवर सगळे जुळले तरी दहा-बारा किलोमीटर उंचीवर विरळ, थंड हवेत एंजिन वेगळे वागते. त्यासाठी मोठे निर्वात कक्ष किंवा उडती प्रयोगशाळा लागते. बंगळूरच्या गॅस टर्बाइन रिसर्च एस्टॅब्लिशमेंटचे कावेरी एंजिन याचसाठी रशियात नेले होते. नोव्हेंबर २०१० मध्ये इल्युशिन-७६ या चार एंजिनांच्या विमानाचे एक एंजिन काढून त्या जागी कावेरी बसवून ते हवेत चालवले गेले. उरलेली तीन एंजिने विमान सांभाळायला होतीच.

दाबाविषयी शेवटी लिहीत आहोत, कारण त्याची हकिकत सर्वांत गंभीर आहे. दाब मोजण्याची नळी साधी असते. आंरी पितो यांनी १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहात प्रवाहाकडे तोंड केलेली नळी धरून वेग मोजला, तीच कल्पना. वायू तोंडाशी येऊन थांबतो आणि त्याचा एकूण दाब नळीतून मापकापर्यंत जातो. काही विमानांत एंजिन किती रेटा देते हे अशाच दोन नळ्यांवरून ठरवतात. मागचा दाब भागिले पुढचा दाब, याला एंजिन दाब गुणोत्तर म्हणतात.

१३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावरून एअर फ्लॉरिडाचे बोइंग ७३७ बर्फ पडत असताना निघाले. एंजिनाच्या तोंडाशी बर्फ साचू नये म्हणून गरम हवा सोडण्याची सोय होती. ती चालू केलेली नव्हती. दोन्ही एंजिनांच्या पुढच्या दाबनळीचे छिद्र बर्फाने बुजले. मापकाला पुढचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मिळाला. भाजक लहान झाला की भागाकार मोठा होतो. वैमानिकांनी ठरल्याप्रमाणे २·०४ गुणोत्तर येईपर्यंत इंधन वाढवले, पण खरे गुणोत्तर होते सुमारे १·७०. भागाकार करून पाहिला तर पुढचा दाब सुमारे सतरा टक्के कमी दाखवला गेला, असे निघते. एंजिने पूर्ण शाबूत होती आणि आणखी रेटा द्यायला मोकळी होती. फक्त त्यांच्याकडून तो कोणी मागितला नाही. धावपट्टीवर विमान धावत असतानाच सहवैमानिकाला आकडे पटत नव्हते आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले, पण उड्डाण थांबवले गेले नाही. पंखांवरही बर्फ होते. विमान अर्धा मिनिट हवेत राहिले, पोटोमॅक नदीवरच्या पुलावर आदळले आणि गोठलेल्या पाण्यात पडले. विमानातल्या ७९ जणांपैकी ७४ आणि पुलावरच्या मोटारींतले ४ जण मृत्युमुखी पडले.

वैमानिकांसमोर दुसराही एक मापक होता: एंजिनाच्या दांड्याची गती दाखवणारा. त्याला दाबनळीशी काही देणेघेणे नव्हते, बर्फाशीही नव्हते.

एंजिनांनी खरोखर किती रेटा दिला होता, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला अपघातानंतर शोधायचे होते. त्यासाठी त्यांनी वैमानिकांच्या कक्षातले संभाषण नोंदणारी ध्वनिफीत घेतली. त्या फितीवर माणसांच्या बोलण्यामागे एंजिनांचा आवाजही उमटला होता. फिरत्या पात्यांच्या आवाजाला गतीप्रमाणे ठरावीक वारंवारता असते. ती वारंवारता वेगळी काढून दांड्याची गती मिळाली, आणि गतीवरून गुणोत्तर. ते १·७० च्या आसपास आले.